कॉलेज फुटबॉल : २०१४ चा हंगाम आणि पहिली बाद फेरी

अमेरिकेतील फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळल्या जाणाऱ्या या धसमुसळ्या खेळात तेथील विद्यापीठांचे संघही मोठी गर्दी खेचतात. सर्वोच्च श्रेणीत शंभराहून अधिक संघ आणि प्रत्येकाच्या वाट्याला साधारण बारा साखळी सामने! साहजिकच सर्वश्रेष्ठ कोण, हे मैदानावर ठरणे अवघड. अनेक दशके पत्रकार व प्रशिक्षकांच्या मतदानातून विजेता ठरे. १९९८ पासून मतदान आणि संगणकीय क्रमवारी यांच्या आधारे दोन संघ अंतिम सामन्यासाठी निवडले जाऊ लागले. २०१४ च्या हंगामात ही पद्धत मोडीत निघून निवड समितीने ठरविलेल्या चार संघांची बाद फेरी सुरू झाली.

वादाला लगेच तोंड फुटले. तिसऱ्या क्रमांकावरील टेक्सास ख्रिश्चनने अखेरचा साखळी सामना ५५-३ असा जिंकला. तरीही दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला, तो सहाव्या स्थानी घसरला. चौथी जागा ओहायो स्टेटला मिळाली. या संघाने सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेककडून हार पत्करली होती आणि त्याचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले होते. मात्र तिसऱ्या पसंतीच्या कार्डेल जोन्सला घेऊन त्याने आपल्या गटाच्या अंतिम लढतीत विस्कॉन्सिनचा ५९-० असा धुव्वा उडविला होता. टेक्सास ख्रिश्चनच्या गटात अशी अंतिम लढतच नव्हती.

१ जानेवारी २०१५ रोजी ओरेगॉनने तोवर अपराजित असलेल्या फ्लोरिडा स्टेटला ५९-२० असे, तर ओहायो स्टेटने अग्रमानांकित अलाबामाला ४२-३५ असे नमविले. १२ जानेवारीला टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे ओहायो स्टेटने ओरेगॉनवर ४२-२० अशी मात केली. इझीकिएल एलियटने २४६ यार्ड धाव घेत चार टचडाऊन नोंदविले. दोनच संघ निवडले गेले असते, तर चौथ्या क्रमांकावरील या विजेत्याला संधीही मिळाली नसती.

२०२४ च्या हंगामापासून बाद फेरी बारा संघांची झाली. तिचे पहिले विजेतेपदही आठव्या मानांकित ओहायो स्टेटनेच पटकाविले. नोटर डेमविरुद्ध ३४-२३ असे. मानांकन म्हणजे अखेर एक अंदाज, हे दोन्ही वेळा मैदानाने दाखवून दिले. दाराबाहेर राहिलेल्या संघाची तक्रार मात्र कायम आहे. पूर्वी ती तिसऱ्याची होती, मग पाचव्याची झाली, आता तेराव्याची!