चिमणीचं माहेर

लोअर परळमधल्या एका टॉवरमध्ये मित्राकडे गेलो होतो. पूर्वी तिथे गिरणी होती. मित्राच्या बागेत, म्हणजे चार कुंड्या आणि दोन वेताच्या खुर्च्या यांच्यामध्ये, मातीचं एक धूड उभं होतं. खाली माठासारखं गोल पोट, पोटाला हात जाईल एवढं तोंड आणि वर निमुळती होत गेलेली मान. मित्र कौतुकाने म्हणाला, "मेक्सिकन आहे. चिमिनिया म्हणतात हिला. आत लाकडं पेटवायची आणि समोर बसून शेकायचं." मुंबईत शेकायचं कशासाठी, हे विचारण्याआधीच त्याचे वडील बोलले. अण्णांचं सारं आयुष्य साचेखात्यात गेलं. "चिमिनिया कसली? चिमणी आहे ती. पोट बॉयलरचं आणि मान चिमणीची."

आम्ही हसलो. घरी येऊन कोश काढले तेव्हा कळलं की अण्णा यंत्राच्या बाबतीत बरोबर होते आणि शब्दाच्या बाबतीतही. मेक्सिकोची चिमिनिया आणि लालबाग-परळची चिमणी ही एकाच आजीची नातवंडं आहेत.

आजीचं घराणं ग्रीक. 'कामिनोस' म्हणजे भट्टी. लॅटिनमध्ये तिचं 'कामिनुस' झालं आणि त्यावरून 'कामेरा कामिनाता' हा शब्दप्रयोग आला : शेकोटी असलेली खोली. पुढे 'कामेरा' गळून नुसतं 'कामिनाता' उरलं, फ्रेंचांनी त्याचं 'शमिने' केलं, आणि तिथून इंग्रजांनी 'चिमनी', स्पॅनिशांनी 'चिमेनेआ' आणि पोर्तुगीजांनी 'शामिने' घेतलं. इंग्रजीत सुरुवातीला चिमनी म्हणजे चुलाणंच होतं. धूर वर नेणाऱ्या नळीला ते नाव नंतर मिळालं. मेक्सिकोच्या मूळ लोकांची स्वतःची चूल होती, तीन दगडांची, अगदी आपल्यासारखी. नहुआत्ल भाषेत तिला 'त्लेकुइल' म्हणतात. मातीच्या या शेगडीला नाव मात्र स्पॅनिश लागलं आणि अमेरिकनांनी बागेत नेताना 'चिमेनेआ'चं स्पेलिंग बिघडवून 'चिमिनिया' केलं. मेक्सिकोतून आपल्याकडे टोमॅटो आणि चिकू नावासकट आले. चिमिनियाचं नाव मात्र मेक्सिकोचं नाहीच. ते तिथेही पाहुणंच आहे.

त्या लॅटिन जोडशब्दातला गळून पडलेला 'कामेरा' वाया गेला नाही. पोर्तुगीजांच्या 'कामरा'वाटे तो हिंदुस्थानात आला आणि हिंदीत 'कमरा' झाला. म्हणजे एकेकाळी एकत्र नांदणाऱ्या या जोडीतला एक शब्द पोर्तुगीज जहाजाने आला, दुसरा इंग्रजांच्या आगबोटीने, आणि दोघांची पुन्हा गाठ पडली ती मुंबईत. गिरणगावाचं वर्णन दोन शब्दांत करायचं तर काय म्हणाल? एक खोली आणि एक चिमणी.

इथवरचा प्रवास कुठल्याही चांगल्या कोशात सापडतो. खरी भानगड शब्द मराठीच्या उंबऱ्यावर येतो तेव्हा सुरू होते. आपल्याकडे 'चिमणी' आधीपासून होती की! काऊ-चिऊच्या गोष्टीतली. आता एका नावाला तीन धनी आहेत : पाखरू, गिरणीचा मनोरा आणि रॉकेलचा दिवा. यांतलं कोण कोणाच्या वशिल्याने आत आलं?

पहिला दावा पोर्तुगीजांचा. तो वाटतो तेवढा पोकळ नाही. चावी, पगार, लिलाव, घमेलं, बिजागरी, इस्त्री हे शब्द त्यांनीच दिले. कोणी म्हणेल, आजचे पोर्तुगीज 'शामिने' म्हणतात, त्यात 'च' कुठे आहे? पण जुन्या पोर्तुगीजमध्ये तिथे 'च'च होता. आपली चावी हाच त्याचा पुरावा, कारण आज लिस्बनमध्ये तिला 'शाव' म्हणतात. तेव्हा उच्चाराच्या अंगाने 'चामिने'ची चिमणी होणं अशक्य नाही. तरीही मी हा दावा दोन कारणांनी फेटाळतो. एक, पहिल्या अक्षरातला 'आ'. त्याची 'चामणी' किंवा 'चमणी' झाली असती. दुसरं कारण जास्त वजनदार आहे : वस्तूच नव्हती. पोर्तुगीजांकडून आपण जे शब्द घेतले त्यांच्या वस्तू आपल्या हातात आल्या होत्या. चावी कुलपात फिरली, घमेलं डोक्यावर चढलं. वसई-साष्टीच्या दमट हवेत शेकायला भिंतीत चुलाणं कोण बांधणार? स्वयंपाकाचा धूर कौलांतून जायचा आणि त्या वाटेला आपला धुराडं हा शब्द होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज 'शामिने'चा पाडाव मी त्यांच्याच नावाने करतो, कारण 'चिमा' आणि 'चिमणा' हे सख्खे. चिमुकला, चिमुरडा, चिमूट, चिमटा, सगळा 'चिम' म्हणजे लहानपणाचा गोतावळा. पाखराला चिमणी म्हटलं तेही त्याच्या आकारावरूनच.

दुसरा दावा इंग्रजीचा, आणि निकाल त्याच्या बाजूने द्यावा लागतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला गिरणीची कंपनी काढली. १८५६ साली ती सुरू झाली. बॉयलर, वाफेचं इंजिन, साचे, सगळं इंग्रजांच्या देशातलं आणि त्यांची नावंही इंग्रजीच. वाफ करायची तर कोळसा जाळायचा. कोळसा धडाडून जळायचा तर ओढ हवी, आणि ती ओढ चिमणी देते : तापलेली हवा उंच नळीतून वर पळते आणि तिच्या जागी भट्टीच्या तोंडातून ताजी हवा आत खेचली जाते. चिमणी उंच तितकी ओढ जोरदार. बागेतली मातीची चिमिनिया याच तत्त्वावर चालते. म्हणून तर तिला मान असते. अण्णांना हे कोणी शिकवलं नव्हतं, त्यांनी नुसतं पाहून ओळखलं.

पण वस्तू इंग्रजी आणि नाव इंग्रजी, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. माझा सगळा जीव त्या 'ण'मध्ये अडकला आहे. हिंदीत 'चिमनी', गुजरातीत 'चीमनी'. मराठीतच 'चिमणी' का?

याचं सोपं उत्तर असं : मराठीला 'ण' आवडतो. हिंदी माणूस बटन लावतो आणि मटन खातो, आपण बटण लावतो आणि मटण खातो. मग चिमणीसाठी पाखराला साक्षीला कशाला बोलवायचं? या उत्तराने मी दोन दिवस गप्प होतो. तिसऱ्या दिवशी बसमध्ये एका पाटीवर 'कंपनी' वाचलं आणि उठून उभा राहिलो. कंपनी! तीही इंग्रजीच, तिच्याही शेवटी तीच 'नी', तीही गिरणगावात घरोघरी बोलली जाणारी. तिची 'कंपणी' कोणी केली नाही. जर्मनीची 'जर्मणी' झाली नाही. बटण, मटण, पलटण यांत 'ण' शब्दाच्या टोकाला उघडा पडतो. इंग्रजी शब्दाच्या शेवटी 'नी' असली की मराठी सहसा तिला हात लावत नाही. चिमनीला लावला, कारण घरात त्या नावाची एक आधीच होती. कानाने नवा शब्द ऐकला आणि जिभेने जुना उच्चारला. वरच्या दांडीवर बसून खाली बघणारी एक चिमणी ठाऊक होती, आता दुसरी आली.

मित्राने यावर एक आक्षेप काढला, तोही नोंदवतो : हा 'ण' पाखराचा नसून 'गिरणी'चा असेल. 'गिरणीची चिमणी' असं जोडीने म्हणताना एकीचा 'ण' दुसरीला लागला. तर्क सुरेख आहे. पण संसर्गच व्हायचा तर तो 'गिरणी कंपनी'लाही झाला असता. तेव्हा पाखरूच.

शब्द असे ओढले जातात याचा दाखला शेगडीत आहे. शेकायची म्हणून शेगडी, असं आपण धरून चालतो. पण अमरकोशात निखारे ठेवण्याच्या भांड्याची जी नावं दिली आहेत त्यांत एक आहे 'अंगारशकटी', म्हणजे निखाऱ्यांची गाडी. शकटीची प्राकृतात सगडी झाली, आणि गुजरातीत आजही सगडीच म्हणतात. मराठीने मात्र 'शे' आणला. माझ्या मते तो शेकणे या क्रियापदाने खेचून आणला. गुजरातीतही 'शेकवुं' आहे ना, असं कोणी विचारेल. आहे, पण तिकडे त्याचा रोख भाजण्याकडे जास्त. आपल्याकडे शेक म्हणजे ऊब. शेकण्याने सगडीची शेगडी केली आणि चिऊने चिमनीची चिमणी केली, तऱ्हा एकच. याच अमरकोशात शेगडीला 'हसन्ती' असंही एक नाव आहे. हसणारी. चाळीच्या सज्जात कोळशाची शेगडी पेटवून ती फुलण्याची वाट बघत बसलेल्या कोणत्याही बाईला हे नाव पटेल, अर्थात डोळ्यांतलं पाणी पुसून झाल्यावर.

आता तिसरा धनी, दिवा. पत्र्याची किंवा काचेची छोटी डबी, झाकणातून वर आलेली बारीक नळी, नळीत वात. याला चिमणी का म्हणतात, यावर मी ज्याला विचारलं त्याने ठामपणे वेगळं उत्तर दिलं. एक पक्ष म्हणतो, दिवा चिमणा म्हणून चिमणी. ऐकायला गोड, पण मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या हिंदीतही या दिव्याला चिमनी म्हणतात आणि तिथे पाखराचं नाव गौरैया आहे. तिथे 'चिमणा' कुठून येणार? दुसरा पक्ष म्हणतो, इंग्रजीत दिव्याच्या काचेला चिमनी म्हणतात, त्यावरून. हे जास्त पटतं, पण एक अडचण आहे : आपल्या चिमणीला काच नसते! काच असते कंदिलाला, आणि त्याला कोणी चिमणी म्हणत नाही.

दुसऱ्या पक्षाचे लोक यावर घासलेट दाखवतात, आणि दाखवावंच. 'गॅसलाइट'वरून घासलेट, 'रॉक ऑइल'वरून रॉकेल. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. लालबागमध्ये गॅस कंपनीच्या नावाची गल्ली अजून आहे. गॅसच्या उजेडाचं नाव आपण तेलाला देऊन टाकलं, तर काचेचं नाव डबीला द्यायला कितीसा वेळ? एकाची टोपी दुसऱ्याला हा कारभार बाजारात नेहमीचाच.

तरी मी माझा तर्क मांडतोच. ती डबी समोर ठेवा. खाली पोट, वर सरळ उभी नळी, नळीच्या टोकाला ज्योत आणि ज्योतीवर काळ्या धुराची रेघ. लालबागच्या रस्त्यावरून आकाशाकडे पाहिलं की हेच चित्र शंभर पटींनी मोठं दिसायचं. गिरणगावच्या माणसाने तो दिवा पाहून दुसरं कोणतं नाव दिलं असतं? गिरणीतून कोकणात आणि घाटावर सुटीला जाणाऱ्या चाकरमान्याने पाव-बिस्किटांसोबत हे नावही नेलं, असं मला वाटतं. हिंदी मुलखात तेच साम्य दुसऱ्या कुणाला स्वतंत्रपणे दिसलं असेल. एकाच आकाराला दोघांनी एकच नाव दिलं तर त्यात नवल नाही. अण्णांनी माझ्या समोर मेक्सिकोच्या मडक्याला तेच नाव दिलं होतं, कोणालाही न विचारता.

गिरणीच्या चिमणीचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. मुंबईत धुराविरुद्ध १९१२ साली कायदा झाला, १९१५ साली खोपोलीची वीज गिरण्यांपर्यंत पोचली आणि इंजिन फिरवण्याचं चिमणीचं काम कमी होत गेलं. कांजी आणि रंगाईसाठी बॉयलर पेटत राहिले, म्हणून धूर राहिला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तेव्हाच्या मथळ्यांत शब्द होता 'धुराडी'. धुराडी थंडावली, धुराडी विझली. आपला जुना शब्द छापण्यापुरता परत आला. ज्यांच्या घरातली चूल विझली ते मात्र चिमणीच म्हणत राहिले. १९०५ सालच्या फिनिक्स मिलची एक चिमणी दुकानांच्या गर्दीत शोभेला ठेवली आहे. तिच्या पायथ्याशी उभं राहून विचारलंत, तर तरुण मुलं 'टॉवर' म्हणतील.

तेव्हा माझा निवाडा असा : शब्द इंग्रजीतून आला, 'ण' पाखराने दिला, दिव्याने त्याला घरोघर नेलं. पोर्तुगीजांचा हक्क नाही आणि मेक्सिकोचाही नाही. मेक्सिकन चिमिनिया आपल्या चिमणीची आई नव्हे, मामेबहीण आहे.

मित्राला मी दोन गोष्टी सांगून आलो. तुमच्याकडेही असं मडकं असेल तर तुम्हालाही सांगतो. तळाशी वाळूचा थर घाला आणि पहिले काही जाळ अगदी बारीक करा, नाहीतर माती तडकते. आणि जून लागण्याआधी तिला आत घ्या. भिजलेली माती पेटवली की फुटते, मुंबईच्या पावसात ती टिकणार नाही. नाव विचारलंच कोणी, तर अण्णांचं सांगा.