मुंबईतील दारूबंदी आणि वरदराजन मुदलियारचा उदय : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
संघटित गुन्हेगारीचा इतिहास बहुधा टोळीप्रमुखांच्या धाडसकथांच्या स्वरूपात सांगितला जातो. त्यामुळे त्यांच्या उदयामागील सामाजिक व कायदेविषयक कारणे दुर्लक्षित राहतात. प्रस्तुत शोधनिबंधात मुंबईतील वरदराजन मुदलियार याच्या उदयाचा, न्यूयॉर्कमधील इटालियन वंशाच्या लकी लुचियानोशी तुलना करून, मागोवा घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) दारूबंदी व टोळ्यांची वाढ यांतील संबंध तपासणे.
२) स्थलांतरित वस्त्यांतील टोळीप्रमुखाच्या प्रभावाची कारणे शोधणे.

विवेचन :
साल्वातोरे लुकानिया ऊर्फ लुचियानो याचा जन्म १८९७ मध्ये सिसिलीतील लेर्कारा फ्रिद्दी येथे झाला. बालपणीच तो न्यूयॉर्कला आला. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. अवैध मद्यव्यापारातून आलेल्या पैशावर टोळ्या बलिष्ठ झाल्या. १९३१ मध्ये प्रतिस्पर्धी प्रमुखांच्या हत्यांनंतर लुचियानोने टोळ्यांचे संयुक्त मंडळ उभारले. १९३६ मध्ये त्याला दीर्घ कारावास झाला व १९४६ मध्ये त्याची इटलीला रवानगी करण्यात आली.

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला व १९५० पासून संपूर्ण दारूबंदी अमलात आली. जालना परिसर तेव्हा हैदराबाद राज्यात असल्याने या कायद्याच्या कक्षेबाहेर होता. मुंबईत मात्र गिरण्या, गोदी व झोपडपट्ट्यांतील श्रमिकांची मागणी कायम राहिली आणि हातभट्टीचा धंदा फोफावला. तुतिकोरिन येथे १९२६ मध्ये जन्मलेला वरदराजन मुंबईत रेल्वेस्थानकावर हमाली करीत असे. पुढे धारावी, माटुंगा व अँटॉप हिल परिसरातील हातभट्टीच्या व्यवसायावर त्याने वर्चस्व मिळविले.

केवळ दहशतीवर हे वर्चस्व टिकले नसते. तमिळ स्थलांतरितांना शहरात ना हक्काचे घर होते, ना शासनदरबारी ओळख. त्यांचे तंटे वरदराजन मिटवू लागला. माटुंगा स्थानकाजवळील त्याचा भव्य गणेशोत्सव ही त्याच्या प्रतिष्ठेची खूण ठरली. शासनाने मोकळी सोडलेली जागा त्याने व्यापली.

१९६० च्या दशकात दारूबंदी शिथिल झाली, तरी करमुक्त, स्वस्त हातभट्टीची मागणी संपली नाही. अमेरिकेतही १९३३ नंतर टोळ्या विसर्जित झाल्या नाहीत. त्या जुगार, खंडणी अशा धंद्यांकडे वळल्या. १९८० च्या दशकात पोलीस अधिकारी य. च. पवार यांच्या कारवाईमुळे वरदराजनला मद्रासला जावे लागले. तेथे १९८८ मध्ये त्याचे निधन झाले. तत्पूर्वी १९८७ मध्ये त्याच्या जीवनावर बेतलेला 'नायकन' हा तमिळ चित्रपट प्रदर्शित झाला होता.

निष्कर्ष :
१) बंदीमुळे मागणी नष्ट न होता तिच्या पूर्तीचा मक्ता टोळ्यांकडे गेला.
२) बंदी उठल्यानंतरही उभी राहिलेली संघटना टिकून राहते.
३) टोळीप्रमुखाच्या परोपकाराची किंमत त्याच वस्तीतील गरीब मोजतो. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. मृतांत श्रमिकांचाच भरणा होता.
४) १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने टोळ्यांवर कठोर कारवाई शक्य झाली. परंतु घर, पाणी व न्याय या गरजा शासनाने भागविल्याखेरीज नव्या 'भाईं'ची वाट बंद होणार नाही.