शब्दवेध : नकाशा
पैठणीवरची नक्षी आणि भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा एकाच कुळातले. मूळ अरबी ‘नक्श’, म्हणजे कोरणं, रंगवणं. फारसीच्या वाटेने शब्द मराठीत उतरला. इंग्रजी ‘मॅप’ मात्र लॅटिन ‘माप्पा’वरून, म्हणजे चक्क कापडावरून आला. शब्द कुठूनही येवो, नकाशात गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवायची, तर ताणाताण आलीच. १५६९ साली नकाशाकार मर्केटरने आपल्या प्रक्षेपणात, म्हणजे पृथ्वी कागदावर उतरवण्याच्या पद्धतीत, कोन अचूक राखले. खलाशांची सोय झाली, पण ध्रुवांकडचे प्रदेश फुगले. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसू लागलं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट! मॉलवाइडच्या प्रक्षेपणात क्षेत्रफळ खरं राहतं, पण कडेचे देश पिळवटतात. ते मला परवडतं. जहाज हाकायचं नसताना वर्गाच्या भिंतीवर मर्केटर कशाला टांगायचा?