बाईला झेपणार नाही, असे कोणी ठरवले?

आमच्या कळंबोलीत बर्फ दिसतो तो मासळीच्या टोपलीत. तरी आज आम्ही बर्फावरच्या खेळांचा, म्हणजे हिवाळी ऑलिम्पिकचा इतिहास सांगणार आहोत. कारण त्यात बायकांची गोष्ट आहे.

पहिली हिवाळी ऑलिम्पिक १९२४ साली फ्रान्समधल्या शामोनी गावी भरली. अडीचशेच्या वर खेळाडू, त्यात बायका फक्त ११. त्यांना एकच खेळ खुला होता, बर्फावरचे कलात्मक स्केटिंग. त्यात नॉर्वेची सोन्या हेनी होती, वय अवघे ११. ती शेवटची आली. पण पुढे १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन सुवर्णपदके तिने ओळीने जिंकली.

बाकीची दारे हळूहळू उघडली. पायाला लांब पट्ट्या, म्हणजे स्की बांधून डोंगरउतारावरून खाली येण्याची शर्यत बायकांना १९३६ साली मिळाली. बर्फातली १० किलोमीटरची शर्यत मिळाली १९५२ साली.

सगळ्यात जास्त अडले ते स्कीवरून लांब उडी मारण्याचे दार. पुरुष ही उडी १९२४ पासून मारत होते. बायकांच्या शरीराला ती बरी नाही, असे जागतिक स्की महासंघाचे अध्यक्ष २००५ सालीही म्हणत होते. मग २००९ मध्ये उडी मारणाऱ्या बायका कॅनडात कोर्टात गेल्या. हा भेदभाव आहे हे न्यायाधीशांनी मान्य केले, पण ऑलिम्पिक समितीला इथला कायदा लागू होत नाही, असे सांगितले. बायका दावा हरल्या, पण गप्प बसल्या नाहीत. २०१४ साली रशियातल्या सोची इथे त्यांना उडी मिळाली आणि जर्मनीची कारिना फोग्ट पहिली सुवर्णविजेती ठरली.

आपल्या देशाचा खेळाडू हिवाळी ऑलिम्पिकमध्ये प्रथम उतरला १९६४ साली. पहिली भारतीय बाई शैलजा कुमार. ती १९८८ साली कॅनडातल्या कॅलगरीत उतरली आणि २८वी आली. पदक नाही मिळाले, पण वाट पडली.

काम अजून पुरे झालेले नाही. २०२६ च्या इटलीतल्या स्पर्धेतही उडी आणि शर्यत मिळून होणारा एक खेळ फक्त पुरुषांचाच राहिला.

बायांनो, "हे बाईला झेपणार नाही" हे आपणही ऐकतो. ट्रॅक्टर, मोटारपंप, ग्रामसभेतले बोलणे, काहीही असो. पुढच्या बैठकीत अशा कामांची यादी करू या. आणि प्रत्येक कामापुढे लिहू या, हे ठरवले कोणी, आणि ते काम करून पाहिलेल्या बाईला विचारले होते का?