मानेवरची सुई

गुरांचा क्षय ओळखायला पशुवैद्य आज जी सुई टोचतो, ती निघाली होती माणसाला बरं करायला. क्षयाचा जंतू 1882 मध्ये शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखने 1890 साली बर्लिनमध्ये औषध सापडल्याचं जाहीर केलं. जंतूंच्या अर्काचं हे ट्यूबरक्युलिन टोचून घ्यायला रोग्यांची रीघ लागली. गुण येईना, क्षयी माणसाला सणकून ताप तेवढा भरे.

दुसऱ्याच वर्षी पशुवैद्यांनी तो तापच कामाला लावला. धडधाकट दिसणारी गाय टोचल्यावर तापली, तर तिला आतून क्षय लागलाय असं धरायचं. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँगने अशी जनावरं वेगळी बांधून, वासरांना तापवलेलं दूध पाजून निरोगी कळप उभे केले. कॉख मात्र 1901 मध्ये लंडनला सांगून बसला, की गुरांच्या क्षयाचं माणसाला फारसं भय नाही. त्याचं म्हणणं पडताळायला ब्रिटिश आयोग दहा वर्षं खपला. दुधातून मुलांना लागण होतेच, असा निर्वाळा आयोगाने दिला.

1908 नंतर ताप मोजणं मागे पडलं, कातडी मोजणं आलं. गिरीजसारख्या गावच्या एखाद्या वाडीतल्या गोठ्यात चाचणी करायची तरी रीत तीच. मानेवरचे केस भादरायचे, कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने जाडी मोजायची, 0.1 मिली ट्यूबरक्युलिन कातडीतच टोचायचं. 72 तासांनी त्याच जागी पुन्हा मोजायचं. जाडी 4 मिमी किंवा जास्त वाढली, तर जनावर बाधित. 2 पेक्षा जास्त पण 4 पेक्षा कमी म्हणजे संशयित. तिथे किमान 42 दिवस थांबून फेरचाचणी. रोग फार बळावलेलं जनावर कधीकधी सुईला दादच देत नाही, ही तिची खोट.

पुढे काय, हा खरा पेच. परदेशात बाधित गाय कापतात. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाय कापता येत नाही. मग उरते ती बँगचीच वाट.

आपल्याकडे दूध सहसा उकळून पितात, म्हणून पुष्कळ निभावतं. पण कोंदट गोठ्यात खोकणाऱ्या म्हशीचा श्वास कोण उकळणार? आणि माणसाचा क्षयही गुरांना लागतो. तेव्हा नवी म्हैस दावणीला बांधण्याआधी चाचणी करून घ्या, धारोष्ण दुधाचं कौतुक सोडा, आणि घरात कुणाला टीबी असेल तर उपचार चालू होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत धार दुसऱ्याला काढू द्या.