बुटके टायर, महागडे खड्डे

इटलीच्या पिरेलीने १९७०च्या दशकात पी-७ हा रुंद, बुटका टायर आणला. १९७८च्या लॅम्बोर्गिनी काउंटाच एलपी४००एसला मागे ३४५/३५ मापाचे पी-७ होते: रुंदी ३४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ३५ टक्के, म्हणजे जेमतेम १२१.

वळणावर पकड वाढली, पण दणका सोसणारी भिंत आखूड झाली. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांत ती चिमटते, आतले धागे तुटतात, टायरला फुगा येतो. असा टायर बदलावाच लागतो.

कंपनीची वॉरंटी सहसा निर्मितीतल्या दोषापुरतीच. म्हणून अमेरिकेतले टायरविक्रेते खड्डे-खिळ्यांसाठी वेगळं संरक्षण विकतात. गाडी खड्ड्यांतून रोज जात असेल आणि भरपाईतून झिजेचे पैसे फारसे कापले जात नसतील, तर ते परवडतं. रिम मात्र त्यात धरलेला असेलच असं नाही.