छावणीतली शाळा, बडोद्याचा करार आणि आपलं नागसेनवन

मागच्या आठवड्यात माझा मावसभाऊ मला म्हणाला, "दादा, अग्निवीर होतो. चार वर्षं काढली की अकरा-साडेअकरा लाख हातात येतात. त्यात पुढचं कॉलेज होईल."

आम्ही छावणीच्या रस्त्यावर चहा घेत होतो. इथून जवळच नागसेनवन, म्हणजे मिलिंद कॉलेजचा परिसर. आणि मला वाटलं, अरे, याच्या प्रश्नाची गोष्ट तर इथेच आहे.

गोष्ट सुरू होते रामजी सकपाळांपासून. बाबासाहेबांचे वडील. कंपनी सरकारच्या काळापासून लष्करात एक नियम होता: शिपायांनी शिकायचं आणि त्यांच्या मुलांनी, मुलींनीसुद्धा शिकायचं. गावात ज्यांना शाळेची पायरी चढू देत नव्हते, त्यांच्या घरात त्यामुळे अक्षरं आली. रामजी स्वतः लष्करी शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. भीमरावांचा जन्मही महूच्या छावणीतलाच, १८९१चा. म्हणजे या घराची शिष्यवृत्ती कुठली, तर वडिलांची लष्करातली नोकरी आणि नंतर त्यांची पेन्शन.

पण १८९२-९३च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. लोक म्हणतात, नोकऱ्या गेल्या. मी म्हणतो, नोकऱ्यांबरोबर शाळाही गेली. गोपाळबाबा वलंगकरांसारखे जुने सैनिक सरकारकडे अर्ज करत राहिले, ते काही फक्त वर्दीच्या हौसेनं नाही.

पुढे भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, ते सयाजीराव गायकवाडांच्या महिना २५ रुपयांवर. बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३मध्ये ते बडोद्याच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून रुजू झाले! कॉलेजच्या बदल्यात वर्दी, अगदी शब्दशः. पण थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली आणि २ फेब्रुवारीला रामजी गेले. मग जूनमध्ये नवा करार झाला: अमेरिकेत शिकायला तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी.

परतल्यावर काय झालं? १९१७मध्ये ते बडोद्याला गेले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक. कोलंबियात शिकून आलेला माणूस, आणि शिपाई फायली लांबून टेबलावर फेकायचे. राहायला घर मिळेना, म्हणून पारशी सरायीत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात आली. त्या दिवशी ते रडले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. दहा वर्षांचा करार तिथेच मोडला.

मला या भागात सगळ्यात जास्त हे खटकतं: करार करताना त्यांच्याकडून सेवा मागितली, पण सेवा करायला माणसाला छप्पर लागतं, ते देण्याची अट कुणावरच नव्हती.

तेच बाबासाहेब १९४५मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढतात, आणि १९५०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज सुरू करतात. पुढे त्याचंच मिलिंद महाविद्यालय झालं. इथे शिकायला यायला घरात सुभेदार असण्याची गरज नव्हती. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर या आवारातून बाहेर पडला.

आता परत मावसभावाकडे. आपल्याच शहरात १९७७पासून राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, तिथून मुलं एनडीएला जातात. एनडीएत प्रशिक्षणाबरोबर पदवी होते आणि फी सरकार भरतं. पण या इन्स्टिट्यूटचा रस्ता दहावीनंतर पकडावा लागतो, आणि आमच्या पठ्ठ्याची बारावी झालेली. अग्निवीरात चार वर्षांनी चारातला जास्तीत जास्त एकच कायम होतो. उरलेल्या तिघांना एकरकमी पैसे मिळतात, पेन्शन नाही.

मी त्याला एवढंच विचारलं, "रामजींच्या पेन्शनवर पुढची पिढी शिकली. तुझ्या साडेअकरा लाखांत तुझं कॉलेज होईल रे, पण घरात धाकटी बहीण आहे, तिच्या वेळी?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, भरतीच्या मैदानावर जाऊन तर येतो. तिच्या फीचा हिशोब आपण दोघं मिळून करू." वही काढली आहे आम्ही.